प्लगिनमधून कॉन्फिग फाइलमधली एकच व्हॅल्यू बदलायची आहे, बाकीची फाइल जशीच्या तशी कशी ठेवायची?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमसाठी एक छोटं प्लगिन लिहितोय. बिल्डच्या वेळी प्रोजेक्टमधल्या कॉन्फिग फाइल वाचायच्या, त्यातली आवृत्ती, पोर्ट, टाइमआउट वगैरे बाकीच्या कोडला द्यायचे आणि रिलीज करताना आवृत्तीचा आकडा सगळीकडे एकदम बदलायचा, एवढंच त्याचं काम. फाइल तीन प्रकारच्या आहेत: पॅकेज.जेसन, पायप्रोजेक्ट.टॉमल आणि दोन यॅमल.

वाचायचा भाग एका दुपारी झाला. लिहायच्या भागात तीन आठवडे अडकलोय.

सध्याची पद्धत अशी: फाइल पार्स करायची, हातात ऑब्जेक्ट येतो, त्यातली व्हॅल्यू बदलायची आणि ऑब्जेक्ट परत फाइलमध्ये ओतायचा. माझ्या सगळ्या टेस्ट पास होत्या. मग एका सहकारी मैत्रिणीने रिव्ह्यूसाठी कमिट उघडलं. यॅमलमध्ये १ ओळ बदलायला हवी होती, तिथे १४० ओळी लाल-हिरव्या झालेल्या. कमेंट सगळ्या गायब. त्यात एक कमेंट होती: 'हा टाइमआउट ३० च्या खाली आणू नका, पलीकडची सेवा उठायला वेळ घेते.' कुणीतरी रात्रभर शोधाशोध केल्यावर लिहिलेली ओळ आहे ती, आणि लिहिणारा आता टीममध्ये नाही. गिटमध्ये जुनी प्रत होती म्हणून परत मिळाली, पण रिव्ह्यू करणारीने लक्ष दिलं नसतं तर ती माहिती आमच्या हातून कायमची गेली असती. त्या दिवसापासून हे मनातून जात नाहीये.

प्रश्न असा, की लायब्ररी बदलून भागेल की माझी पद्धतच चुकते आहे?

---

जुना_कळफलक

पद्धत चुकते आहे. पार्सरला फाइलचा अर्थ काढायचा असतो. कमेंट, मोकळ्या ओळी, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यातलं काहीच अर्थात धरलं जात नाही, म्हणून ते पहिल्याच पायरीला गळून पडतं. तुमच्या हातात जो ऑब्जेक्ट येतो त्यात ते नसतंच. मग परत लिहिताना येणार कुठून?

१४० ओळींचं कारण मला दिसतंय. तुम्ही पायथनमध्ये पाययॅमल वापरत असाल तर त्याचं डंप फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, फाइलमधल्या 'की' (म्हणजे व्हॅल्यूंची नावं) वर्णानुक्रमाने लावून लिहितं. म्हणजे फाइलमधला क्रमच बदलला. माणसाने तो क्रम विचार करून लावलेला असतो, महत्त्वाचं वर आणि क्वचित लागणारं खाली.

जेसनमध्ये कमेंट नसतात म्हणून तिथे ही पद्धत चालते असं अनेकांना वाटतं. तिथेही धोके आहेत. जावास्क्रिप्टमध्ये ज्या की नुसत्या पूर्णांकासारख्या दिसतात ('१०', '२') त्या ऑब्जेक्टमध्ये आपोआप चढत्या क्रमाने पुढे येतात, फाइलमध्ये कुठेही असल्या तरी. १.० लिहिलेलं परत लिहिताना १ होतं. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतील याची खात्री नाही, लांबलचक आयडी आकडा म्हणून ठेवला असेल तर तो गुपचूप बदलतो. आणि पायथनचं जेसन मॉड्यूल, डीफॉल्ट तसंच ठेवलं तर, आपल्या देवनागरी अक्षरांचं 'बॅकस्लॅश यू ०९२८' अशा सांकेतिक आकड्यांमध्ये रूपांतर करून लिहितं. मराठी वर्णन लिहिलेली फाइल एका रिलीजमध्ये वाचता न येणारी झालेली मी पाहिली आहे. हे रूपांतर करणारा 'एन्शुअर आस्की' पर्याय बंद करायला विसरू नका.

एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेज बसवणारं साधन) पॅकेज.जेसन बदलतं तेव्हा फाइलमधला इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) आणि ओळीच्या शेवटाची पद्धत आधी पाहून ठेवतं आणि तसंच परत लिहितं. किमान एवढं तरी प्रत्येक प्लगिनने करावं.

---

तिसरा_कंस

यॅमलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझे सर्वात जास्त दिवस त्यात गेलेत.

यॅमलच्या दोन आवृत्त्या अजून वापरात आहेत. १.१ ही २००५ ची आणि १.२ ही २००९ ची. पाययॅमल १.१ प्रमाणे चालतं. त्यात अवतरणाशिवाय 'नो' लिहिलं की ते असत्य होतं, म्हणून देशांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड लिहिला की यादीत देशाऐवजी फॉल्स येतं. २२:२२ असं पोर्ट मॅपिंग लिहिलं तर ते साठाच्या पटीतला आकडा समजून १३४२ होतं. ०७५५ ही फाइलची परवानगी अष्टमान समजून ४९३ म्हणून वाचली जाते. १.२ च्या मूळ नियमांत यातलं काही नाही. तरी ३.१० चं ३.१ दोन्हीत होतं, कारण तो दशांश आकडाच आहे.

वाचताना हे झालं तर प्रोग्राम कुठेतरी अडतो आणि आपल्याला कळतं. पण वाचून परत लिहिताना तो चुकलेला अर्थ फाइलमध्ये पक्का बसतो. ०७५५ च्या जागी ४९३ लिहिलेलं दिसतं आणि पुढच्या माणसाला हा आकडा कुठून आला याचा पत्ता लागत नाही.

अर्धविराम, तुम्ही रुआमेल यॅमल ही लायब्ररी वापरून पाहा. त्यात वाचून परत लिहिण्याची राउंड ट्रिप पद्धत आहे, कमेंट आणि क्रम टिकतात. अवतरणचिन्हं टिकवायला वेगळा पर्याय चालू करावा लागतो, आणि ओळीची रुंदी वाढवून ठेवा, नाहीतर लांब ओळी ८० अक्षरांच्या आसपास मोडतात.

---

नवी_पाटी

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून विचारतो. नुसता आवृत्तीचाच आकडा बदलायचा असेल तर रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) 'व्हर्जन' शब्द शोधून पुढचा आकडा बदलला तर काय बिघडतं? बाकीच्या फाइलला हातच लागणार नाही.

---

जुना_कळफलक

नवी_पाटी, प्रश्न चांगला आहे आणि तुमचा हेतू अगदी बरोबर आहे: बाकीच्या फाइलला हात लागू नये. फक्त साधन कमकुवत आहे. 'व्हर्जन' ही की फाइलमध्ये एकदाच येईल याची शाश्वती नाही. पॅकेज-लॉक.जेसन उघडून पाहा, तिथे प्रत्येक अवलंबित पॅकेजच्या खाली तीच की आहे. टॉमलमध्ये प्रोजेक्टच्या टेबलात ती असते आणि एखाद्या टूलच्या टेबलातही असू शकते. कमेंटमध्ये असू शकते, बहुओळी मजकुरात असू शकते. रेगेक्सला अक्षरं दिसतात, आपण कुठल्या टेबलात आहोत हे दिसत नाही.

---

रिकामी_ओळ

नवी_पाटी आणि कळफलक या दोघांचं म्हणणं एकत्र केलं की उत्तर मिळतं. जागा शोधायचं काम पार्सरकडे द्या, लिहायचं काम त्याच्याकडून काढून घ्या.

म्हणजे पार्सरला विचारायचं की अमुक व्हॅल्यू फाइलमध्ये कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत आहे. मग मूळ मजकूर घ्यायचा, तेवढाच तुकडा कापायचा, नवा तुकडा चिकटवायचा. बाकीचा मजकूर पार्सरच्या हातून परत लिहिला जातच नाही, त्यामुळे तो बिघडण्याचा प्रश्न येत नाही. व्हीएस कोडच्या सेटिंग फाइलसाठी मायक्रोसॉफ्टची जेसनसी-पार्सर नावाची लायब्ररी आहे, ती हेच करते. तिच्या मॉडिफाय फंक्शनला की आणि नवी व्हॅल्यू दिली की ते नवी फाइल देत नाही, 'इथून इतकी अक्षरं काढा, तिथे हे घाला' अशी बदलांची यादी देतं. ती यादी लावायची की नाही हे आपण ठरवायचं. मला ही रचना फार आवडते, कारण बदल करण्याआधी वापरणाऱ्याला तो दाखवता येतो.

दुसरा मार्ग म्हणजे काहीही न गाळणारं झाड, म्हणजे फाइलच्या रचनेचा आराखडा. मोकळी जागा, कमेंट, स्वल्पविराम सगळं झाडात ठेवायचं, आणि झाड परत लिहिलं की मूळ फाइल बाइटगणिक तीच यायला हवी. रस्टमधलं टॉमल-एडिट असं आहे, कार्गो ॲड (रस्टमध्ये पॅकेज जोडायची आज्ञा) त्यावरच उभं आहे. पायथनमध्ये टॉमलकिट आहे. पायथन ३.११ मध्ये २०२२ साली टॉमलिब आलं ते फक्त वाचण्यापुरतं, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. शैली राखून लिहिणं हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, हे टॉमलिब आणण्याच्या प्रस्तावात मान्य केलं होतं.

---

उमलती_शाखा

मला हे सगळं जरा जास्त वाटतंय. प्रोजेक्टमध्ये फॉर्मॅटर लावा. ऑब्जेक्ट ओता, वरून फॉर्मॅटर चालवा, मांडणी दरवेळी सारखीच येईल आणि डिफ (बदललेल्या ओळींची यादी) लहान राहील. आमच्याकडे जेसनसाठी असंच आहे, दोन वर्षं काही अडचण नाही.

शिवाय कापून-चिकटवून बदल करणं जुनी व्हॅल्यू बदलण्यापुरतं ठीक आहे. नवी की घालायची असेल तर? एखादी काढायची असेल तर? जेसनमधली शेवटची की काढली तर आधीच्या ओळीचा स्वल्पविरामही काढावा लागतो. टॉमलमध्ये सर्वात वरच्या पातळीची की फाइलच्या शेवटी चिकटवली तर ती शेवटच्या टेबलात जाऊन बसते, म्हणजे अर्थच बदलला. यॅमलमध्ये अँकर (नाव देऊन ठेवलेली व्हॅल्यू) असतात, एका ठिकाणी बदललं की जिथे जिथे त्याचा उल्लेख आहे तिथे सगळीकडे बदलतं.

---

रिकामी_ओळ

तुमचे दोन्ही मुद्दे वेगवेगळे धरतो.

फॉर्मॅटरचा पटत नाही. फॉर्मॅटर मांडणी परत आणेल, पण गेलेली कमेंट परत आणणार नाही, आणि ०७५५ परत आणणार नाही. तुमचं जेसनवर भागलं कारण तिथे गमावण्यासारखं कमी होतं. आणि तो प्रोजेक्ट तुमचा स्वतःचा होता. प्लगिन दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये चालतं. त्यांनी फाइल कशी मांडायची हे ठरवायचा अधिकार प्लगिनला नाही असं मी ठामपणे मानतो. ज्याने एक आकडा बदलायला बोलावलं त्याच्या घरातलं सामान आपण हलवू नये.

घालण्या-काढण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि त्याला सोपं उत्तर नाही. की काढताना तिच्या वरची कमेंट कुणाची? लगेच वर चिकटून असेल तर बहुधा त्या कीची. मध्ये मोकळी ओळ असेल तर बहुधा पूर्ण विभागाची, ती राहू द्यावी. त्याच ओळीवर शेवटी असेल तर नक्की तिचीच. पण 'बहुधा' म्हटलं की कधीतरी चुकणारच. म्हणून मी काढण्याचं काम प्लगिनमध्ये ठेवलंच नाही. गरज लागली तेव्हा 'ही की या ओळीवर आहे, हाताने काढा' असा संदेश दिला.

---

उमलती_शाखा

प्लगिन दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये चालतं हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. फॉर्मॅटरचं म्हणणं मागे घेते. अँकरचं काय करायचं?

---

तिसरा_कंस

थांबायचं. बदलायची व्हॅल्यू अँकरवर असेल, किंवा दुसरीकडून मर्ज होऊन आलेली असेल, तर प्लगिनने काहीही न लिहिता ओळ क्रमांकासकट त्रुटी द्यावी. तिथे काय अपेक्षित आहे हे फक्त फाइल लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून केलेलं सांगतो.

आधी रुआमेल लावलं. १४० वरून ११ ओळींवर आलो. उरलेल्या १० ओळी यादीच्या होत्या: आमच्या फाइलमध्ये यादीच्या डॅशला दोन जागांचा इंडेंट आहे, रुआमेलच्या डीफॉल्टमध्ये नाही. ते सेट करता येतं, पण दुसऱ्या यॅमलमध्ये याद्या डाव्या कडेला लागून आहेत. एकच सेटिंग दोन्हींना चालणार नाही. म्हणून रिकामी_ओळ यांचा मार्ग धरला: पार्सरकडून फक्त जागा घ्यायची.

तिथे एक विचित्र चूक झाली. एका फाइलमध्ये बदल अगदी बरोबर, दुसरीत आकडा भलत्याच ठिकाणी, पुढच्या ओळीच्या मधोमध. अर्धा दिवस गेला. शेवटी दिसलं की दुसऱ्या फाइलच्या वरच्या भागात मराठी कमेंट आहेत. मी वापरत असलेला ट्री-सिटर हा पार्सर जागा बाइटमध्ये देतो आणि मी ती पायथनच्या स्ट्रिंगवर अक्षर क्रमांक म्हणून वापरत होतो. 'नमस्कार' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते ७ संकेत आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. एवढ्या एका शब्दाने जागा १४ ने सरकते. इंग्रजी कमेंट असलेल्या फाइलवर ही चूक कधीच दिसली नसती. माझ्या सगळ्या टेस्ट फाइल इंग्रजीत होत्या.

आता फाइल बाइट म्हणूनच उघडतो, बाइटवरच कापतो, आणि शेवटपर्यंत स्ट्रिंग करत नाही.

---

जुना_कळफलक

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. भर घालतो: एडिटरसाठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक माप ध्यानात ठेवावं. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेची साधनं यांच्यातल्या संवादाचे नियम) ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककात मोजतात. देवनागरीचा प्रत्येक संकेत तिथे १ एकक, पण इमोजीचा बहुतेक २. म्हणजे बाइट, संकेत आणि यूटीएफ-१६ अशी तीन मापं, आणि प्रत्येक आकड्यासोबत तो कुठल्या मापाचा हे कोडमध्ये नावातच लिहून ठेवावं.

---

शून्यापासून

उशिरा आलो, पण एक बाजू अजून कुणी काढली नाही: डिस्कवर लिहिणं.

फाइल सरळ उघडून लिहायला सुरुवात केली की पहिल्या क्षणी ती रिकामी होते. तेवढ्यात प्रोसेस मेली तर कॉन्फिग गेलं. त्यामुळे त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल करा, तिच्यात पूर्ण लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर पोचवा) आणि मग नाव बदलून मूळ फाइलच्या जागी आणा. पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) एकाच फाइल सिस्टीमवर हे नाव बदलणं अखंड होतं: वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी दिसते, अर्धवट कधी दिसत नाही. 'त्याच फोल्डरमध्ये' हे महत्त्वाचं आहे, सिस्टीमचं तात्पुरतं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असलं तर नाव बदलणं फसतं.

यात दोन खाचा आहेत. कॉन्फिग सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर नाव बदलल्यावर लिंकच जाते आणि तिच्या जागी साधी फाइल बसते, म्हणून आधी लिंकचा खरा पत्ता काढा. आणि पायथनच्या एमकेएसटेम्पने केलेल्या फाइलची परवानगी ०६०० असते, म्हणजे इतरांना वाचता येत नाही. मूळ फाइलची परवानगी तिच्यावर लावून मगच अदलाबदल करा. ही दुसरी खाच मला एका रात्री सर्व्हरवर भेटली आहे, सेवा रीस्टार्ट होईना आणि फाइल तर डोळ्यांसमोर अगदी बरोबर दिसत होती.

अजून एक. तुम्ही वाचलं आणि लिहिलं यामध्ये कुणी एडिटरमधून फाइल सेव्ह केली तर त्याचं काम तुम्ही पुसता. वाचताना बाइटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ठेवा, अदलाबदलीच्या अगदी आधी पुन्हा तपासा, वेगळा आला तर थांबा. त्यानेही एक बारीक फट उरते, पण माणसाच्या हातून होणारे बहुतेक प्रसंग त्यात पकडले जातात.

---

नवी_पाटी

की सांगायची कशी? मी 'अ.ब.क' असं बिंदूने जोडून द्यायचा विचार करत होतो.

---

रिकामी_ओळ

कीच्या नावातच बिंदू असू शकतो. पॅकेज.जेसनमध्ये अवलंबित पॅकेजचं नाव 'लोडॅश.मर्ज' असेल तर तुमचा मार्ग तिथे फुटतो. कोडमधून देताना की यादी म्हणून द्या. मजकूर म्हणून द्यायचंच असेल तर जेसन पॉइंटर वापरा, आरएफसी ६९०१ हे त्याचं मानक २०१३ चं आहे. त्यात तिरकी रेघ विभाजक असते आणि नावातच तिरकी रेघ आली तर ती कशी लिहायची याचा नियम दिलेला आहे.

---

अर्धविराम

काल पहिलं खरं रिलीज या प्लगिनने केलं. आता त्यात काय आहे ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल.

बदल केल्यावर, पण डिस्कवर लिहिण्याआधी, नवा मजकूर पुन्हा पार्स करतो. जुना ऑब्जेक्ट घेऊन त्यात तेवढीच व्हॅल्यू बदलतो आणि दोन्ही समान आहेत का पाहतो. समान नसतील तर काहीही लिहायचं नाही. या एका तपासणीने पहिल्याच दिवशी मला वाचवलं. एका यॅमलमध्ये आवृत्ती १.९ अशी अवतरणाशिवाय होती. मी १.१० चिकटवलं, पुन्हा वाचल्यावर ते १.१ आलं. आता नवी व्हॅल्यू मजकूर असेल आणि अवतरणाशिवाय आकड्यासारखी वाचली जात असेल तर प्लगिन अवतरण घालतं.

दुसरी टेस्ट: व्हॅल्यू आहे तीच पुन्हा सेट केली तर फाइलला हात लागता कामा नये, बदलाची वेळसुद्धा तीच राहायला हवी. टेस्टच्या फाइलमध्ये आता मराठी कमेंट, विंडोजच्या पद्धतीचे ओळीचे शेवट, सुरुवातीला बॉम (एन्कोडिंग सांगणारे खुणेचे बाइट) असलेली एक फाइल आणि शेवटी मोकळी ओळ नसलेली एक फाइल, सगळं आहे.

पायप्रोजेक्टमध्ये एक गोष्ट नंतर कळली. प्रोजेक्ट टेबलात 'डायनॅमिक' यादीत आवृत्तीचं नाव असेल तर ती बिल्डच्या वेळी दुसरीकडून येते, फाइलमध्ये लिहायची नसते. तिथे प्लगिन की घालत नाही, तसं सांगून थांबतं.

नवी की घालणं फक्त जेसन आणि टॉमलमध्ये ठेवलंय, टॉमलसाठी टॉमलकिटकडून. यॅमलमध्ये असलेली व्हॅल्यू बदलणं, एवढंच. काढणं कुठेच नाही.

---

तिसरा_कंस

ग्रेडलच्या (जावा प्रोजेक्टसाठीचं बिल्ड साधन) बिल्ड फाइलसाठी मागणी आली तर?

---

अर्धविराम

आली आहेच. ती फाइल म्हणजे प्रोग्राम आहे, आवृत्ती तिथे फंक्शनमधून येऊ शकते. तिला मी हात लावणार नाही. शेजारच्या ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती ठेवली असेल तर ती बदलता येईल, त्याचं काम या आठवड्यात घेतोय. त्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देऊन मजकूर पुढच्या ओळीवर नेता येतो, ते आधी नीट हाताळायचं आहे.

आणि हो, कालच्या रिलीजच्या डिफमध्ये चार फाइलमध्ये मिळून चार ओळी होत्या. टाइमआउटची कमेंट तिच्या जागी आहे.